पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : एका होकाराचे पुण्यफल

भारतवर्षातील तीर्थक्षेत्रांची यात्रा करणाऱ्या भाविकांना काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा अनेक ठिकाणी एक नाव हटकून आढळते. कुठे मंदिराच्या इतिहासात, कुठे घाटाच्या पायऱ्यांशी, तर कुठे धर्मशाळेच्या भिंतीवर ते कोरलेले असते. हे नाव म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. त्यांच्या दानधर्माची माहिती बहुतेकांना असते. परंतु ज्या निर्णयातून हे सारे कार्य उभे राहिले, त्या निर्णयाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चोंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. १७३३ मध्ये मराठ्यांचे मातब्बर सरदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरात लिहिणे-वाचणे, हिशेब आणि पत्रव्यवहार यांचे संस्कार त्यांच्यावर होत गेले आणि मल्हाररावांचा आपल्या सुनेवरील विश्वास दिवसेंदिवस वाढत गेला.

१७५४ मध्ये भरतपूरनजीक कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्यादेवींनी त्या वेळी वयाची तिशीही ओलांडली नव्हती. तत्कालीन रूढीनुसार त्यांनी सती जाण्याची सिद्धता केली. एकुलता एक पुत्र गमावलेल्या वृद्ध मल्हाररावांनी तेव्हा सुनेपुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा होऊन दौलत सांभाळ, असा त्यांच्या विनवणीचा आशय होता. त्या काळी सती न जाता मागे राहणे म्हणजे लोकापवाद पत्करणे होते. शिवाय पुढे होते ते सुखाचे आयुष्य नव्हे, तर वैधव्य, दोन लहान मुले आणि एका विस्तीर्ण दौलतीचा भार. तरीही अहिल्यादेवींनी होकार दिला.

हा होकार केवळ शब्दापुरता राहिला नाही. मल्हारराव सदैव मोहिमांवर असत आणि मागची व्यवस्था अहिल्यादेवी पाहत. १७६५ मध्ये तर मल्हाररावांनी त्यांना पत्राने तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याची आज्ञा केली होती. सासऱ्याने सुनेला असे काम सांगावे, ही त्या काळातील असाधारण गोष्ट होय.

खरी कसोटी पुढे होती. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. सुभेदारी अहिल्यादेवींचे पुत्र मालेराव यांच्याकडे आली. पण वर्ष पुरे होण्याच्या आतच, १७६७ मध्ये, तेही निवर्तले. पती, सासरे आणि पुत्र असे तिन्ही आधार गेले. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याची सूचना पुढे केली आणि राघोबादादा पेशवे फौजेसह माळव्यात उतरले. अहिल्यादेवींनी दत्तकाची सूचना मान्य केली तर निवांतपणे देवधर्मात आयुष्य घालवता येणार होते. त्यांनी मात्र स्वतः कारभार हाती घेण्याचे ठरविले, फौजेची सिद्धता केली, अन्य सरदारांना पत्रे धाडली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपला हक्क मांडला. माधवरावांनी तो मान्य केला व राघोबादादा युद्धाविना परतले. सैन्याची धुरा अहिल्यादेवींनी तुकोजीराव होळकर यांच्याकडे सोपविली आणि राजधानी नर्मदातीरी महेश्वर येथे नेली.

पुढील सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य केले. त्या स्वतः दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकत. महेश्वरात विणकरांना आश्रय मिळाला आणि तेथील साडी आजही देशभर प्रसिद्ध आहे. १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. १७८३ मध्ये सोमनाथाच्या भग्न मंदिराजवळ नवे मंदिर आणि १७८७ मध्ये गयेचे विष्णुपद मंदिर बांधून झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धारासही त्यांचा हात लागला. यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. या धर्मकार्याचा खर्च राज्याच्या खजिन्यावर न टाकता त्या आपल्या खासगी उत्पन्नातून करीत, ही बाब देणगीदार बंधुभगिनींनी आवर्जून ध्यानी घ्यावी. केवळ वास्तू बांधून त्या थांबत नसत. नित्य पूजा, अन्नछत्र व गंगोदक यांचीही कायम व्यवस्था लावीत.

या यशाच्या जोडीला दुःखही होते. नातू अकाली गेला आणि पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचेही निधन झाले. कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी एके काळी आपल्याला केली तशीच विनवणी अहिल्यादेवींनी लेकीला केली. परंतु मुक्ताबाईंचा निश्चय ढळला नाही. त्या आघातानंतरही अहिल्यादेवींनी हाती घेतलेला कारभार सोडला नाही. १३ ऑगस्ट १७९५, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

१७५४ च्या त्या दिवशी अहिल्यादेवी चितेवर चढल्या असत्या, तर त्यांची ओळख कुंभेरच्या एका वीराची पत्नी एवढीच राहिली असती. त्यांनी जगण्याला होकार दिला आणि त्या होकाराचे सार्थक झाले, याची साक्ष काशीच्या गर्भगृहापासून महेश्वरच्या घाटापर्यंत आजही मिळते. आपल्या वाट्यालाही कधी शक्तीबाहेरचे वाटणारे एखादे कार्य येते. अशा वेळी प्रथम आपल्या उणिवाच डोळ्यांपुढे उभ्या राहतात. अहिल्यादेवींकडेही प्रारंभी अनुभव नव्हता. जसजसे काम पुढे आले तसतसे त्यांचे बळ वाढत गेले. भाविकांनी पुढच्या तीर्थयात्रेत एखाद्या घाटावर वा मंदिरात त्यांचे नाव वाचले, तर क्षणभर थांबून या चरित्राचे स्मरण करावे, ही नम्र विनंती.