समजून घ्या : क्लाउड म्हणजे काय? आणि जावजी दादाजींचे खिळे

फणसवाडीतला दुकानदार बिलं आणि मालाचा हिशोब मोबाइल ॲपमध्ये ठेवतो, तेव्हा बहुधा तो क्लाउडच वापरत असतो. सर्व्हर दुसऱ्याचा, आपण वापरू तेवढे पैसे भरायचे. यंत्रणा स्वतः उभारायची की दुसऱ्याची घ्यायची, हा प्रश्न मात्र जुना आहे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, कोलभाट लेनमध्ये, ‘निर्णयसागर’ छापखाना होता. त्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचं आयुष्य याच प्रश्नाभोवती गेलं.

जन्म १८३९ चा, घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तुटपुंज्या पगारावर ते खिळे घासायला लागले. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश अशा छापखान्यांत काम करताना त्यांना या धंद्यातली खरी अडचण कळली. जोडाक्षरं आणि काना-मात्रांमुळे देवनागरीला शेकडो वेगवेगळे खिळे लागत. प्रत्येकाचा पोलादी ठसा कोरायचा, त्यावरून साचा करायचा, मग त्यात शिशाचा रस ओतायचा. छोट्या छापखान्याला हे झेपणारं नव्हतं.

१८६४ मध्ये जावजींनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबतीला होते. अवघड काम एकाने करायचं आणि इतरांनी हवा तेवढा माल वजनावर न्यायचा. ॲमेझॉनने २००६ पासून सर्व्हर असेच मापून द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये मुंबईतूनही. फरक एकच आणि तो मोठा आहे : खिळे मालकीचे होत, क्लाउडचं भाडं थकलं की सेवा बंद.

आणखी एक गोम आहे. एका कारखान्याचे खिळे दुसऱ्याच्या खिळ्यांशी जुळतीलच असं नसे, त्यामुळे पुढची खरेदीही तिथेच करावी लागे. आज एका क्लाउडवरून दुसरीकडे डेटा हलवतानाही वेळ आणि पैसा जातो. म्हणून बिलिंगचं ॲप भाड्याचं चालेल, पण गिऱ्हाइकांची यादी आणि उधारीचा हिशोब यांची प्रत आपल्याकडे हवीच.

जावजींनी हेच केलं. १८६९ मध्ये छापखाना काढला तो स्वतःच्याच खिळ्यांवर. पंचांगं, संस्कृत ग्रंथ, १८८६ पासून ‘काव्यमाला’. सुबक, शुद्ध छपाई हीच त्यांची ओळख होती आणि तिचं साधन त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. १८९२ मध्ये ते वारले. पुढे मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना चालवला.