गाडगेबाबांचे उत्स्फूर्त कीर्तन

आमची सारी नोकरी मुलांकडून वक्तृत्वस्पर्धेची भाषणे पाठ करवून घेण्यात गेली. एखादे वाक्य विसरले की मुलगा गोंधळून उभा राही आणि आम्ही खालून शब्द पुरवीत असू. म्हणूनच कागदाचा चिटोराही हाती न धरता हजारोंचा समुदाय खिळवून ठेवणाऱ्या संत गाडगेबाबांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील मद्यपानापायी अकाली निवर्तले; डेबूजी आजोळी दापुरे येथे गुरे राखीत व शेत कसत वाढले. शाळा त्यांच्या नशिबी आली नाही. कन्येच्या बारशास मद्यमांसाची रूढी मोडून त्यांनी गोड जेवण घातले, हे जातभाईंना रुचले नाही. परंतु ते ढळले नाहीत. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला.

गावात शिरताच बाबा खराट्याने रस्ते झाडू लागत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. हे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरेच असत. कर्ज, दारू, पशुबळी, अस्पृश्यता, मुलांचे शिक्षण, यांविषयी ते श्रोत्यांनाच विचारीत आणि आलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढीत.

पूर्वतयारीवाचून हे साधे कसे? आमच्या मते तयारी दिवसभर चालूच असे. ज्या गावाची घाण स्वहस्ते काढली, त्या गावाला काय सांगावे हे निराळे शोधावे लागत नाही. शिवाय बोलणे व वागणे यांत अंतर नव्हते. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; बाबा मात्र अखेरपर्यंत चिंध्या पांघरून मडक्यात जेवले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांची प्राणज्योत मालवली.

हे लिहिताना आम्हांस आमच्या कन्येचे कर्ज काढून केलेले लग्न आठवते. पूर्वी साध्या विवाहावर आम्ही संमेलनात अस्खलित बोलत असू. त्यानंतर त्या विषयावर तोंडातून शब्द फुटला नाही. ज्ञातीतील तरुणांनी आधी आपल्या घरचे कार्य बेताने करावे. मग सभेत उभे राहण्यासाठी भाषण पाठ करावे लागणार नाही.