शिमोन झिगान आणि त्यांची मायबोली

यिद्दिश भाषेचे थोर विनोदी नट शिमोन झिगान १९०५ साली पोलंडमधील लॉड्झ शहरी जन्मले. इस्राएल शुमाखर यांच्याबरोबर त्यांची जोडी वॉर्सात गाजली. महायुद्धात दोघांनी सोव्हिएत संघात आश्रय घेतला. तेथे तुरुंगवासही भोगला. १९५० साली ते इस्राएलात आले, तेव्हा हिब्रूच्या प्रसारासाठी सरकार यिद्दिश नाटकांना अटकाव करीत होते. परवान्यासाठी त्यांनी कार्यक्रमात हिब्रू गाणी घातली, पण विनोद यिद्दिशमध्येच ठेवला. १९६० साली जोडी फुटली. पुढेही झिगान राजकारण्यांची टिंगल करीत लोकांना हसवीत राहिले. १९८० साली ते तेल अवीव येथे निवर्तले. आम्हां बेने इस्राएलांची मायबोली मराठी. वाचकांनी हिब्रू जरूर बोलावी, पण घरात मुलांना मराठीतही हसवावे, एवढीच आमची विनंती.