मायकेल फॅरडे : नकारानंतरचे दिवस

आमच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुले नोकरीच्या मुलाखतीस निघताना बहुधा एकदा इकडे येऊन जातात. निवड झाली तर पेढे घेऊन पुन्हा येतात. झाली नाही तर येत नाहीत. महिना-दोन महिन्यांनी कोणाकडून तरी कळते की, मुलाखत वाईट गेली, उत्तर ठाऊक असूनही ओठांवर आले नाही, आणि तेव्हापासून तो घरातच बसून असतो, आईशीसुद्धा धड बोलत नाही. या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचे ठरले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ही न येणारी मुले होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात नोकरीच्या काळात काय सोसावे लागले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. म्हणून आम्ही दूरच्या देशातील एका माणसाची हकीकत निवडली. त्यांचे नाव आपण सर्वांनी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्यांची मुलाखत मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे लोहार, पोटासाठी इंग्लंडच्या उत्तर भागातून आलेले. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांच्या हातून भट्टीवरचे काम सलग होत नसे. १८०१ साली महागाईने कहर केला, तेव्हा लहानग्या मायकेल यांच्या वाट्याला आठवड्यास एक पाव येई आणि तोच सात दिवस पुरवावा लागे. शाळा म्हणावी तर लिहिणे, वाचणे व थोडे हिशेब, एवढीच. १८०४ मध्ये ते जॉर्ज रीबो यांच्या ब्लॅंडफर्ड स्ट्रीटवरील पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले. वर्तमानपत्रे त्या काळी महाग असत. दुकानदार ती गिऱ्हाइकांना वाचावयास देई आणि ठरल्या वेळी परत आणवी. ती पोचविणे व परत आणणे हे या मुलाचे काम. वर्षभराने मालकांनी त्यांना पुस्तकबांधणीच्या सात वर्षांच्या उमेदवारीस ठेवून घेतले, आणि त्यांची इमानदारी पाहून उमेदवाराच्या घरून घ्यावयाची रक्कमही घेतली नाही.

बांधणीला आलेले पुस्तक शिवता शिवता वाचावे, हा त्यांचा अभ्यास. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख त्यांनी असाच वाचला, आणि जेन मार्सेट या विदुषींचे रसायनशास्त्रावरील सोपे पुस्तकही. १८१० पासून ते जॉन टेटम यांच्या घरी भरणाऱ्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागले. प्रवेशास एक शिलिंग पडे. तो शिलिंग त्यांचे थोरले बंधू रॉबर्ट देत, आणि तेही लोहारच होते. त्याच वर्षी वडील वारले. १८१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी तांब्याची अर्ध्या पेनीची नाणी आणि त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या घेतल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला कागद ठेवला आणि स्वतःपुरती विद्युत्‌घटमाला उभी केली.

त्याच वर्षी दुकानाचे गिऱ्हाईक असलेल्या विल्यम डान्स यांनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळचे इंग्लंडमधील सर्वांत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरडे यांनी व्याख्यानांची टिपणे घेतली, घरी येऊन ती सुवाच्य अक्षरात, आकृत्यांसह विस्ताराने लिहिली आणि त्यांचा सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ स्वतःच्या हातांनी बांधला.

ऑक्टोबरमध्ये उमेदवारी संपली. द ला रोश नावाच्या फ्रेंच बांधणीकाराकडे ते कारागीर म्हणून लागले. हे गृहस्थ शीघ्रकोपी होते. पण या कारागिरावर त्यांचा जीव जडला होता आणि स्वतःला मूलबाळ नसल्याने पुढेमागे दुकानच त्याच्या हवाली करण्याची त्यांची तयारी होती. एखाद्याने म्हटले असते, आणखी काय हवे? फॅरडे यांना मात्र विज्ञानाची सेवा हवी होती, काम कितीही हलके असले तरी चालणार होते. त्यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. उत्तर येईना म्हणून स्वतः दारावर खेटे घातले. अखेर द्वारपालाकडून निरोप मिळाला की, पत्रास उत्तर देण्याचे कारण नाही. त्याच ऑक्टोबरात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले की, सध्याच्या स्थितीतून सुटका दिसत नाही आणि ज्यांच्यापाशी वेळ व पैसा आहे अशा भाग्यवंतांसाठी आपल्याला विज्ञान सोडून द्यावे लागणार. हे वाक्य आपल्या कितीतरी मुलांनी आपापल्या शब्दांत म्हटलेले आम्ही ऐकले आहे.

पुढे प्रयोगशाळेतील स्फोटात डेव्ही यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही दिवस लेखनिक म्हणून फॅरडे त्यांच्याकडे गेले. ते काम संपले. मग डिसेंबरात त्यांनी डेव्हींना पत्र लिहून नोकरी मागितली आणि सोबत तो बांधलेला ग्रंथ पाठविला. डेव्हींनी लगोलग, २४ डिसेंबरला, सौजन्याचे उत्तर दिले आणि जानेवारी १८१३ मध्ये भेटीस बोलाविले.

ही ती मुलाखत. उमेदवाराचे वय २१. अंगावर पदवी नाही, ओळखीचे पाठबळ नाही, बोलण्यात लंडनच्या कष्टकरी वस्तीची छाप. समोर डेव्ही. तेही लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराचे पुत्र. पण आता सरदारकी मिळालेले. त्यांनी मुलाचे म्हणणे मायेने ऐकले आणि सांगितले की, जागा रिकामी नाही. विज्ञानात मेहनत फार आणि पैसा थोडा, तेव्हा हातचा धंदा सोडू नये, असा सल्लाही दिला. फॅरडे यांनी आपली समजूत बोलून दाखविली की, विज्ञानाची सेवा करणारी माणसे तरी मनाने उदार असतात. त्यावर डेव्ही हसले आणि चार वर्षांचा अनुभव ही समजूत दुरुस्त करील, असे म्हणाले. निघताना त्यांनी संस्थेच्या पुस्तकबांधणीचे काम देण्याचे आश्वासन दिले. आम्हांला या मुलाखतीत सर्वांत जिव्हारी लागते ते हे आश्वासन. त्यात अपमानाचा हेतू नव्हता, चांगुलपणाच होता; पण ज्या कामातून माणूस सुटू पाहतो तेच काम त्याच्या ओंजळीत परत घालण्यासारखे ते होते.

फॅरडे द ला रोश यांच्या दुकानात परतले आणि पुस्तके बांधू लागले. टेटम यांच्याकडील मंडळींत जाणे-येणे त्यांनी तोडले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस एका रात्री ते निजण्याच्या तयारीत असताना वेमथ स्ट्रीटवरील त्यांच्या घरासमोर बग्गी थांबली आणि डेव्हींच्या सेवकाने चिठ्ठी आणून दिली. झाले होते असे की, प्रयोगशाळेतील मदतनीस विल्यम पेन यांनी उपकरणे बनविणाऱ्या न्यूमन यांच्याशी मारामारी केली होती आणि त्यांना काढून टाकण्यात आले होते. जागा रिकामी झाली तेव्हा डेव्हींना तो ग्रंथ पाठविणारा मुलगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी नेमणूक झाली. आठवड्यास २५ शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा व मेणबत्त्या.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. मेहनत केली की फळ मिळतेच, असे आम्ही मुलांना सांगत नाही, कारण ते खरे नाही. पेन यांनी हात उगारला नसता तर काय झाले असते, याचा कोणी भरवसा देऊ शकत नाही. ती बग्गी दैवाने आली. मात्र ती कोणाच्या दारी थांबावी, हे त्या ग्रंथाने आधीच ठरवून ठेवले होते.

नोकरी लागल्यावर त्यांनी पहिल्याच वर्षी जे केले ते फारसे सांगितले जात नाही. टेटम यांच्या मंडळातील पाच-सहा मित्रांसह ते आठवड्यातून एकदा बसत. एकाने वाचावे व बाकीच्यांनी त्याचे उच्चार व वाक्यरचना सुधाराव्यात, असा नेम. कोणी कोणाची भीड धरीत नसे. काही वर्षांनी त्यांनी वक्तृत्वाच्या एका शिक्षकाच्या व्याख्यानांना जाऊन तपशीलवार टिपणेही काढली. इंग्लंडमध्ये ज्यांची व्याख्याने ऐकावयास गर्दी लोटे ते फॅरडे असे घडलेले आहेत.

डेव्हींच्या हाताखालील दिवस सुखाचे नव्हते. १८१३ ते १८१५ या काळात त्यांच्यासह युरोपात फिरताना फॅरडे यांना नोकराची कामे करावी लागली आणि लेडी डेव्हींनी ती जाणीव त्यांना सतत दिली. १८२१ मध्ये त्यांनी विद्युत्‌प्रवाहाने तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली. आपल्या विहिरीवरचा पंप त्याच तत्त्वावर चालतो. १८२४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, तेही डेव्हींच्या विरोधाला न जुमानता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्याभोवती गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांतून त्यांना विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला. जनित्र आणि रोहित्र ही त्याचीच लेकरे.

१८३५ च्या ऑक्टोबरात ते आणखी एका मुलाखतीस गेले. सरकारी मानधनाच्या संदर्भात पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी त्यांना बोलाविले होते. बोलता बोलता मेलबर्न यांनी विद्वानांना असे मानधन देण्याची सारी पद्धतच थोतांड असल्याचे सांगून टाकले. फॅरडे तेथे वाद घालीत बसले नाहीत. त्याच सायंकाळी त्यांनी पंतप्रधानांच्या कचेरीत चिठ्ठी ठेवली की, या स्थितीत आपल्याला मानधन नको. मध्यस्थांनी पुष्कळ समजूत घातली. लेखी दिलगिरीखेरीज ते ऐकेनात. ती आली, आणि डिसेंबरात वार्षिक ३०० पौंड मंजूर झाले. डेव्हींपुढून मुकाट्याने बाहेर पडलेला मुलगा आता ४४ वर्षांचा होता.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. डेव्हींना पाठविलेली ती टिपणे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. उतारवयात रस्त्याने जाताना वर्तमानपत्रे वाटणारा पोऱ्या दिसला की, फॅरडे त्याच्याशी मायेने वागत. आपणही एकेकाळी घरोघर वर्तमानपत्रे पोचवीत होतो, असे ते सोबतच्या माणसाला सांगत.