मुंबई वसविणारे जेराल्ड ऑंजियर

आमच्या रेणापुराकडून पोटापाण्यासाठीं मुंबईस गेलेला मनुष्य गांवीं परत आला म्हणजे एक गोष्ट हटकून सांगतो. तेथें एकाच रस्त्यावर गुजराथ्याचें दुकान, पारशाची अग्यारी, मशीद आणि ख्रिस्ती देऊळ हीं सर्व दृष्टीस पडतात, व पलीकडे कोळ्यांचीं जाळीं वाळत असतात. इतक्या तऱ्हेचे लोक एके ठिकाणीं कसे जमले, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें आहे. ह्या प्रश्नाच्या उत्तरांत एका मनुष्याच्या आयुष्याचा मोठा भाग आहे, म्हणून त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

सतराव्या शतकांत इंग्रज लोक समुद्रापलीकडे जेथें जेथें जाऊन राहिले, तेथें तेथें एकाच प्रकारचा समाज झाला असें वाचकांनीं समजूं नये. अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतीं ते 1607 सालीं उतरले. तेथें तंबाखू चांगली पिके, म्हणून मोठमोठे मळे झाले. 1619 पासून आफ्रिकेंतून धरून आणलेले लोक त्या मळ्यांत राबूं लागले, आणि पुढें गुलामगिरी कायद्यानें पक्की झाली. त्याच किनाऱ्यावर उत्तरेस 1620 सालीं प्लिमथ येथें जे उतरले, ते बायकामुलें घेऊन व स्वमतानें उपासना करतां यावी म्हणून आले होते. तिकडे प्रार्थनामंदिर आणि शाळा यांच्या भोंवतीं लहान लहान गांवें वसलीं. आमच्या देशांत सुरतेस 1613 पासून त्यांची वखार होती; पण तेथें ते मोगल बादशहाच्या शहरांतले भाडेकरू होते. मद्रासेस 1639 सालीं जागा मिळाली, तेथें किल्ल्याच्या आंत गोऱ्यांची वस्ती व बाहेर एतद्देशीयांची, असे दोन भाग पडले. बियाणें एकच, परंतु जमीन निराळी, पाऊस निराळा, आणि पेरणारा हातही निराळा. मुंबईस तो हात जेराल्ड ऑंजियर यांचा होता.

ऑंजियर हे आयर्लंडांतील एका उमराव घराण्यापैकीं होत. 1662 च्या सुमारास ते कंपनीचे नोकर होऊन सुरतेस आले. त्याच्या आदल्याच सालीं पोर्तुगालच्या राजकन्येचा विवाह इंग्लंडचे राजे दुसरे चार्ल्स यांच्याशीं ठरला होता व मुंबईचें बेट आंदणांत द्यावयाचें कबूल झालें होतें. बेटाचा ताबा घेण्यास आलेले शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले, आणि त्यांतले शेंकडों तापानें व हगवणीनें मेले. त्यांचे सेनापति शिपमन यांचाही तेथेंच अंत झाला. 1665 सालीं एकदांची मुंबई इंग्रजांच्या हातीं आली. राजाला ती नकोशी झाली, म्हणून 1668 सालीं त्यानें ती कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडानें देऊन टाकली. आज त्या पैशांत मुंबईंत वीतभर जागा मिळावयाची नाहीं! पहिले अधिकारी सर जॉर्ज ऑक्झेंडन 1669 सालीं सुरतेस वारले, आणि सुरतेची वखार व मुंबईचें बेट हीं दोन्हीं ऑंजियर यांच्याकडे आलीं.

त्याच वर्षीं त्यांच्यापुढें एक अवघड प्रसंग आला. सुरतेच्या काजीनें वाणी लोकांना धर्माच्या बाबतींत इतका जाच केला कीं, त्यांतले पुढारी भीमजी पारेख हे इतर पांच जणांसह ऑंजियर यांस भेटले व आम्हांस मुंबईंत आसरा द्या म्हणून विनवूं लागले. ऑंजियर यांचें मन द्रवलें. परंतु त्यांना उघडपणें होय म्हणवेना. तसें केल्यास बादशहाचा रोष होईल व कंपनीचा सुरतेचा व्यापार बुडेल, हें त्यांना दिसत होतें. तूर्त अहमदाबादेस जा व तेथून बादशहाकडे दाद मागा, असा सल्ला त्यांनीं दिला. सप्टेंबर महिन्यांत सुमारें आठ हजार वाणी घरेंदारें सोडून भडोचेस निघून गेले. सुरतेंत व्यापार थांबला, आणि अखेर अभय मिळाल्यावरच ते डिसेंबरांत परतले. ऑंजियर यांनीं त्या दिवशीं शहाणपण केलें कीं भ्याडपण, याचा निवाडा आम्हांला सहज करतां येत नाहीं. दारीं आलेल्यास परत लावणें कोणासही शोभत नाहीं. पण एवढें खरें कीं, मुंबईंत पुढें त्यांनीं जें केलें त्याचें तोंड ह्या प्रसंगाच्या उलट दिशेस होतें.

1672 सालीं ते स्वतः मुंबईस येऊन राहिले आणि तीन वर्षें तेथेंच होते. त्या वेळीं बेटावर कोळी, भंडारी, कुणबी, पोर्तुगीजांच्या काळांत ख्रिस्ती झालेले लोक व थोडे मुसलमान असत. जमिनी कोणाच्या, हें भांडण मिटतच नव्हतें. सरकारनें जमीन घेतली तर कुळें पळून जातील, आणि माणसांवांचून बेट काय कामाचें? ऑंजियर यांनीं जमीनदारांना एकत्र बोलावून तडजोड केली. त्यांनीं मिळून दर वर्षीं वीस हजार झेराफिन नाणीं भरावीं आणि आपल्या जमिनी निर्धास्तपणें वहिवाटाव्या, असें ठरलें. 1674 सालीं त्या करारावर शिक्कामोर्तब झालें. आमच्या मतें त्यांच्या सर्व कामांत हें सर्वांत मोलाचें होय. ज्याला आपलें शेत उद्यां आपलेंच राहील अशी खात्री नाहीं तो बांध घालीत नाहीं, हें आमच्या मराठवाड्यांतल्या कुळांस सांगावें लागत नाहीं.

1672 च्या ऑगस्टांत पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायद्याचें न्यायालय सुरू झालें. प्रत्येक जातीनें आपल्या पंचांकडून घरगुती तंटे मिटवावे, अशीही त्यांची योजना होती. टांकसाळ निघाली. 1673 च्या आरंभीं डचांचें मोठें आरमार बंदरासमोर आलें, तेव्हां तटाच्या आंत फौज थोडीच होती. तथापि ऑंजियर यांनीं जमीनदारांच्या माणसांस हत्यारें देऊन अशी तयारी केली कीं डच न लढतां निघून गेले. शिवाजी महाराजांशींही त्यांनीं सलोखा ठेवला. 1674 च्या राज्याभिषेकास त्यांनीं हेन्री ऑक्झेंडन यांस नजराणा देऊन रायगडास पाठविलें, व तहही केला.

सर्वांत मोठा पालट माणसांच्या येण्यानें झाला. पारशांना दोखम्यासाठीं मलबार टेकडीवर जागा मिळाली. आर्मेनी आले, वाणी आले. 1677 सालीं दीवचे व्यापारी नीमा पारख यांनीं येण्यापूर्वीं अटी घातल्या: आपल्या घरीं आपला धर्म पाळूं द्यावा, आपल्या आवारांत कोणीं जीव मारूं नये, प्रेतें रिवाजाप्रमाणें जाळूं द्यावीं. त्या मान्य झाल्या. आठ वर्षांपूर्वीं जें सुरतेस तोंडानें बोलतां आलें नव्हतें तें आतां कागदावर आलें. बेटाची वस्ती दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली असें त्या काळीं म्हणत. आकडा कांहींसा फुगलेला असावा असें आम्हांस वाटतें. हें सर्व निव्वळ परोपकारानें झालें असेंही नव्हे. कंपनीला जकात हवी होती, आणि वाण्यावांचून जकात कोठून येणार?

भीमजी पारेखांची एक हकीकत छापखान्याशीं संबंध असणाऱ्या आम्हांस विशेष गोड वाटते. आपले ग्रंथ छापावे म्हणून त्यांनीं कंपनीकडून मुद्रक मागविला. हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक 1674 सालीं मुंबईस आला. पण आमच्या लिपीचे खिळे पाडण्याची विद्या त्याला नव्हती, व तो बेत तसाच राहिला. मुंबईंत मराठी पुस्तकें मिशनच्या छापखान्यांतून निघावयास 1817 साल उजाडावें लागलें.

ऑंजियर यांनीं मुंबईच्या ख्रिस्ती मंडळीस 1675 सालीं चांदीचा प्याला अर्पण केला आणि देवळासाठीं वर्गणीही सुरू केली. परंतु शरीर थकलें होतें; कंपनीचे धनी तर खर्चाविषयीं नेहमीं कुरकुर करीत. ते सुरतेस परतले व 30 जून 1677 रोजीं तेथेंच वारले. सुरतेस ऑक्झेंडनची घुमटांची भव्य कबर प्रवाशांना दाखवितात; ऑंजियर यांचें तसें मोठें स्मारक तेथें नाहीं. दहा वर्षांनीं, 1687 सालीं, कंपनीनें आपलें मुख्य ठाणें सुरतेहून मुंबईस हलविलें. देवळाच्या भिंती मात्र अर्धवट पडून राहिल्या. 1718 च्या नाताळांत तें उपासनेसाठीं उघडलें, आणि त्याच्या बाजूच्या वेशीला चर्चगेट हें नांव पडलें. वेस पुढें पाडली गेली, पण मुंबईस जाणारे आमचे लोक आगगाडीच्या स्टेशनावर तें नांव अजून वाचतात.