किल्ल्यातला एकांत : मौलाना अबुल कलाम आझाद



मौलाना आझाद हे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, हे आपण जाणताच. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २००८ सालापासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. परंतु हजारोंच्या सभा गाजविणारा हा वक्ता मनाने अत्यंत एकांतप्रिय होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या मौलानांना भेटावयाचे असेल तर आपल्याला महाराष्ट्रातीलच एका किल्ल्यात जावे लागेल.

त्यांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफ येथे झाला. मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. पुढे वडील मौलाना खैरुद्दीन कुटुंबासह कलकत्त्यास येऊन राहिले. मौलाना शाळेत कधी गेलेच नाहीत. त्यांची सारी तालीम घरीच झाली. इतर मुले खेळत असताना हा मुलगा पुस्तक घेऊन कोपरा शोधी. कलकत्त्याच्या डलहौसी चौकातील बागेत झुडपांच्या आड तो तासन्‌तास वाचत बसे. वयाच्या २४ व्या वर्षाच्या आतच, १९१२ साली, त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले. इंग्रज सरकारला ते सहन झाले नाही. १९१६ पासून १९१९ च्या अखेरपर्यंत त्यांना रांची येथे स्थानबद्धतेत राहावे लागले. एकांताची खरी परीक्षा मात्र पुढेच होती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. ९ ऑगस्टच्या पहाटे त्यांना अटक झाली आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात आणण्यात आले. हाच तो किल्ला, जेथे १५९५-९६ साली चांदबीबीने मोगल फौजेस तोंड दिले होते. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे ११ सहकारी बरोबर होते. सुरुवातीस वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, बाहेरची काहीच खबर नाही. ज्या माणसाचा दिवस कालपर्यंत सभा-बैठकांत जात होता, त्याच्यापुढे आता चार भिंती होत्या.

अशा वेळी आपण काय केले असते? मौलानांनी आपला दिवस आखून घेतला. पहाटे तीन-चारच्या सुमारास, सारे झोपेत असताना ते उठत आणि स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत. एकेक घोट घेत ते लिहावयास बसत. आपले स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना ते पत्रे लिहीत. ती पोहोचणार नाहीत, हे ठाऊक असूनही लिहीत. धर्म, इतिहास, संगीत, फुले, चहा असे सारे विषय त्यांत आले. सुटकेनंतर, १९४६ साली, ती पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

यातले चिमण्यांचे पत्र तर अवश्य वाचावे. आपल्या कोंढ्याच्या कवेलूच्या घरांत चिमण्या काड्या आणून टाकतात आणि आपण त्यांना हुसकावतो, तसेच मौलानांनीही प्रथम केले. छत्री उगारली, बांबू घेतला. पण चिमण्या हटेनात. शेवटी त्यांनीच तह केला. आरंभी तांदळाचे दाणे दूर ठेवले, मग थोडे जवळ, मग आणखी जवळ. पुतळ्यासारखे निश्चल बसून राहिले. काही दिवसांनी चिमण्या त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. एकेकीचा स्वभाव ओळखून त्यांनी नावेही ठेवली. एक पिल्लू उडावयास तयारच होईना. आई परोपरीने शिकवी, ते डोळे मिटून पडून राही. आणि एके दिवशी एकाएकी भुर्रकन्‌ उडाले. पंख तर आधीपासूनच होते, कमी होती ती आपल्याला पंख आहेत या जाणिवेची! कैदेतल्या माणसाने हे टिपावे, यातच सारे आले.

परंतु हा एकांत सुखाचा होता असे समजू नका. पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. १९४३ च्या वसंतात प्रकृती फारच बिघडल्याचे कळले. सरकारला काही कळवावयाचे असल्यास मी पोहोचवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी साफ नकार दिला. ज्या सरकारशी लढा, त्याच्यापुढे हात पसरावयाचा नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम गेल्या. ३६ वर्षांची सोबत संपली. अखेरची भेटही झाली नाही. बाहेरून त्यांचा दिनक्रम ढळला नाही, पण तो सब्र राखण्यासाठी आत काय सोसावे लागले, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. किल्ल्याच्या आवारात कोणा अज्ञाताची एक मोडकी कबर होती. शेकडो वेळा पाहिलेली ती कबर आता त्यांना आपली वाटू लागली.

मौलाना जून १९४५ मध्ये सुटले. हावडा स्थानकावर प्रचंड जमाव लोटला होता. घरी जाण्यापूर्वी त्यांनी मोटार पत्नीच्या कबरीकडे वळविली आणि नंतरच ते त्या सुन्या घरी गेले. पुढे १९४७ पासून २२ फेब्रुवारी १९५८ रोजी इंतकाल होईपर्यंत ते देशाचे शिक्षणमंत्री होते. खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी ही त्या काळातील कामे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने सबंध देशाच्या शिक्षणाची घडी बसविली, ती अशा पहाटांच्या बळावर.

पालकहो, आपले मूल बांधीच्या धुऱ्यावर बसून बगळ्याकडे टक लावून पाहात असेल, तर ते वेळ दवडते आहे असे लगेच म्हणू नका. थोडा वेळ त्याला तसे बसू द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, दिवसातून निदान अर्धा तास गप्पा, गाणी आणि मोबाईल बाजूला ठेवून स्वतःजवळ बसण्याची सवय लावा. प्रारंभी करमणार नाही. मौलानांच्या चिमण्याही पहिल्याच दिवशी हातावर आल्या नव्हत्या.