चार बांध मोजून शेत कळत नाही, हे पावणेनऊशे वर्षांपूर्वी सांगणारे भास्कराचार्य
चाळीसगाव : शेताचे चारही बांध दोरीनं मोजले की क्षेत्रफळ निघालं, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. ही चूक भास्कराचार्यांनी 1150 सालीच दाखवून दिली होती.

भास्कराचार्यांचा जन्म 1114 सालचा, सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जलविड गावचा. वडील महेश्वर ज्योतिषी, तेच त्यांचे गुरू. वयाच्या 36व्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग म्हणजे लीलावती. खरेदी-विक्री, व्याज, धान्याची रास, जमिनीचं माप असं रोजच्या व्यवहाराचं गणित त्यात आहे.

चौकोनाबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. चारही बाजू 25 हात असल्या तरी चौकोन एकच होत नाही. कोपरे काटकोनात असले तर क्षेत्रफळ 625. तोच चौकोन दाबून त्याचे कर्ण 30 आणि 40 केले, तर 600. बांध तेवढेच, जमीन मात्र 25 चौरस हात कमी! म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटलं, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच.

त्रिकोणाचं तसं नसतं. तीन बाजू ठरल्या की आकार पक्का. 13, 14 आणि 15 हातांचा त्रिकोण घ्या. 14च्या पायावर लंब 12 हात, म्हणजे क्षेत्रफळ 84. चौकोनी शेतात कर्णाची दोरी टाकली की दोन त्रिकोण होतात, अन् हिशेब चुकत नाही.

पण कुठल्याही तीन बाजूंचा त्रिकोण होत नाही, हेही त्यांनी बजावलं. 3, 6 आणि 9 लांबीच्या सरळ काड्या जुळवून बघा. दोन लहान काड्या मोठीवर आडव्याच पडतात. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्तच हवी.

भुजा, कोटी, कर्ण, लंब हे शब्द त्यांच्याही आधीचे. लीलावती शिकणाऱ्यांच्या तोंडी ते पिढ्यान् पिढ्या राहिले. आज चाळीसगावच्या शाळेतलं पोरगं असो की मुंबईत चेंबूरच्या मराठी शाळेतलं, काटकोनासमोरच्या बाजूला कर्णच म्हणतं. कोटी हा शब्द कोटिकोनात टिकून आहे.

1183 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. पुढे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण इथं मठ निघाला, त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं दान दिलं. तिथल्या शिलालेखात ही हकीकत कोरलेली आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. 1587 साली अकबराच्या दरबारातल्या फैजीनं लीलावती फारसीत नेली.

मठ आता राहिला नाही. पण पुढच्या वेळी वाटणीसाठी शेत मोजाल, तेव्हा चार बांधांसोबत एक दोरी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतही टाका.